वार पूर्ण आहे

त्या प्रसूतिगृहात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. नव्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे तिला शिक्काताई म्हणत. कागदावर तिची सही पडली की त्या कागदाकडे पुन्हा कोणी बघायचं नाही, असा तिथला न लिहिलेला नियम होता. सत्तावीस वर्षं ती लेबर रूममध्ये नर्स होती आणि निवृत्तीला आता दीड वर्ष उरलं होतं. घड्याळं दुरुस्त करणारा तिचा नवरा गमतीने म्हणायचा की, माझ्या घड्याळांवरही तूच सही करत जा, गिऱ्हाइकं वेळ बघायचीसुद्धा थांबतील.

बाळ रडलं की खोलीतले सगळे बाळाकडे वळतात. शिक्काताईचं लक्ष मात्र त्यानंतर येणाऱ्या गोष्टीकडे लागलेलं असे. वार. बाळाला नऊ महिने पोसणारा, ताटलीएवढा, जांभळट लाल गोळा. बाळामागून तो आपसूक सुटून बाहेर पडतो, स्टीलच्या भांड्यात घेतला जातो आणि बहुतेकांच्या लेखी तिथेच संपतो. शिक्काताई ते भांडं सिंकजवळच्या ओट्यावर नेई. वार पाण्याखाली धरून धुवी, खरबरीत बाजू वर करून दोन्ही तळहातांच्या ओंजळीत पसरवी. खंड एकमेकांना बरोबर भिडले तर वार पूर्ण. मध्ये कुठे फट राहिली, कडा फाटकी दिसली, तर तेवढा तुकडा आत राहिला असं समजायचं. मग नाळ कुठे चिकटलीय ते बघायचं, वजन करायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं: वार पूर्ण आहे. खाली सही.

हे तिला शिकवलं होतं प्रशिक्षणातल्या एका वयस्कर सिस्टरने. ती म्हणायची, "बाळ आलं म्हणजे बाळंतपण संपलं असं बापाला वाटू दे. तुला नाही." नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिक्काताईने याचा अर्थ डोळ्यांनी पाहिला. दुसरीकडे बाळंत झालेली एक बाई बाराव्या दिवशी तापाने फणफणत आली. पोटात अंगठ्याएवढा तुकडा राहिला होता. तो काढला, पण तोवर विष रक्तात भिनलं होतं. तिचं बाळ तिच्या शेजारच्या पाळण्यात भुकेने रडत होतं, आणि त्याला गप्प करायला कोणी उरलं नव्हतं. तेव्हापासून शिक्काताईने एकही वार डोळ्यांत तेल घातल्याशिवाय जाऊ दिली नाही. निदान तिची तशी खात्री होती.

ओट्याचीही एक शिस्त ठरून गेली होती. सिंकच्या उजवीकडे ठेवलेलं भांडं म्हणजे तपासायचं राहिलेलं. डावीकडे ठेवलेलं म्हणजे तपासून झालेलं. मावशी येत, डावीकडचं भांडं उचलत, पिवळ्या पिशवीत रिकामं करत आणि धुवायला टाकत. विचारायचं कारण नव्हतं. इतक्या वर्षांत या कामासाठी दोघींमध्ये एक शब्दही खर्ची पडला नव्हता आणि दोघींनाही त्याचा अभिमान होता.

ती शिवणकाम करणारी बाई आठव्या दिवशी तपासणीला आली, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. बाळंतपण सरळ झालं होतं. बाळ रडायला थोडं उशिरा लागलं, एवढंच. तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं होतं. आता ती बाकावर एका कुशीला कलून बसली होती, आणि बाळ सासूच्या मांडीवर होतं. ते रडत नव्हतं, नुसतं ओठ हलवत होतं.

सासूने आल्या आल्या तक्रार मांडली. सुनेला दूध उतरत नव्हतं. आठ दिवस झाले, छाती रिकामी ती रिकामीच. "आमच्या वेळी मूल रडायच्या आधी पदर भिजायचा," ती म्हणाली. "ही मशीनवर बसून बसून सुकलीय, दुसरं काय."

"आई, मशीनला तरी अधूनमधून तेल घालतात," सून म्हणाली. आवाज बारीक होता, पण धार शाबूत होती.

शिक्काताई हसली. तिला पडद्यामागे घेऊन गेली आणि विचारू लागली. अंगावरून जाणं कसं आहे? रंग कसा आहे? शिवणकामवाली रंगाच्या बाबतीत पक्की निघाली. म्हणाली, दोन दिवस जरा फिका झाला होता, विटकरी म्हणता येईल असा. मग परवापासून पुन्हा पहिल्या दिवसाचाच लाल. सकाळी एक गाठही पडली, मोठ्या बटणाएवढी. वासही बरा नाही, पण ते आईंना सांगितलेलं नाही, नाहीतर त्याचंही खापर मशीनवर फुटायचं.

शिक्काताईने पोटावर हात ठेवला. बाळंत झाल्यावर गर्भपिशवी रोज बोटभर खाली उतरते. आठव्या दिवशी ती ओटीपोटाच्या हाडाजवळ चाचपावी लागते. ही नाभीखाली दोन बोटांवर अडून बसली होती, आणि दाबली तर मऊ लागत होती. थर्मामीटरने नव्याण्णव पॉइंट आठ दाखवलं. एकेक गोष्ट वेगळी घेतली तर काहीच नव्हती. दूध कुणाला उशिरा येतं, रक्त कुणाला जास्त दिवस जातं. पण चार गोष्टी एकाच अंगावर एकदम आल्या की शिक्काताई सावध होई. तिने सगळं कागदावर लिहिलं आणि तिला सोनोग्राफीच्या खोलीत नेलं.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना ती ढगवाले सर म्हणे, कारण दिवसभर ते करड्या पडद्यात ढग बघत बसत. आत शिरताना ती नेहमी विचारायची, "काय सर, पावसाचा अंदाज?" त्या दिवशी विचारलं नाही. सरांनी जेल लावून प्रोब फिरवला. गर्भपिशवीच्या पोकळीत एक डाग होता, भोवतालापेक्षा उजळ, कडा वेड्यावाकड्या, अडीच सेंटिमीटरचा. सरांनी रंगीत डॉपलर चालू केला. रक्त वाहत असेल तिथे पडद्यावर लाल-निळा रंग उमटतो. वारेच्या राहिलेल्या तुकड्याला पिशवीच्या भिंतीतून रक्त मिळत असतं. नुसत्या गोठलेल्या रक्ताला मिळत नाही. डाग करडाच राहिला. सरांनी रिपोर्टात लिहिलं की, रक्तप्रवाह दिसत नाही, गुठळी असण्याची शक्यता जास्त. शेवटी एक ओळ जोडली: तरीही तुकडा नाहीच असं म्हणता येत नाही, लक्षणांशी ताडून पाहावे.

बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टर मॅडमसमोर रिपोर्ट गेला, तेव्हा बाहेर तीस बायका ताटकळत होत्या. मॅडम हुशार होत्या आणि दमलेल्या होत्या. त्यांनी लक्षणं वाचली, रिपोर्ट वाचला, कपाळाला आठी घातली. मग मान वर करून विचारलं, "ताई, वार पूर्ण होती ना हिची?"

"हो मॅडम."

विचार करायच्या आत तिच्या तोंडून ते निघून गेलं होतं. मॅडमच्या कपाळावरची आठी मावळली. गुठळीच आहे म्हणाल्या. आकुंचनाच्या गोळ्या, अँटिबायोटिक, चार दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. सासूने कागद घडी करून पिशवीत घातला आणि तिघं बाहेर पडली. दाराशी शिवणकामवालीने क्षणभर चौकटीला हात टेकला. फार काही नाही, चक्कर आल्यावर माणूस टेकतो तेवढाच.

तो टेकलेला हात शिक्काताईच्या डोळ्यांसमोरून हलेना. दोन वाजता जेवणाचा डबा न उघडताच ती लेबर रूममध्ये गेली आणि रजिस्टर काढलं. स्वतःच्या मनाची समजूत घालायची, एवढाच हेतू होता. आठ दिवसांमागचं पान उघडलं. त्या दुपारी दोन बाळंतपणं चौदा मिनिटांच्या अंतराने झाली होती. पहिली शाळेत शिकवणारी बाई, दुसरी ही. दोन ओळी एकाखाली एक, दोन्ही तिच्याच अक्षरात.

शिक्षिका: वजन चारशे ऐंशी ग्रॅम. नाळ काठाला. वार पूर्ण आहे.

शिवणकामवाली: वजन चारशे ऐंशी ग्रॅम. नाळ काठाला. वार पूर्ण आहे.

तिने दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. नाळ बहुधा मध्यावर असते, नाहीतर मध्यापासून जरा बाजूला. अगदी काठाला चिकटलेली नाळ दहा-बारा वारांत एखादी. लागोपाठ दोन? असू शकतं. तिला आठवलं, दुसरी लिहिताना ती स्वतःशीच पुटपुटलीही होती, आज दोन्ही काठाच्या. पण दोन्हींचं वजनही ग्रॅमला ग्रॅम सारखं?

तिने मावशींना बोलावलं. आवाज साधा ठेवून विचारलं, त्या दिवशी दोन बाळंतपणं लागून झाली होती, आठवतंय का, पहिलं भांडं तुम्ही कधी नेलंत?

मावशींनी आठवून सांगितलं. बाळ रडेना म्हणून धावपळ चालली होती, ताई बाळाजवळ होत्या. मावशी आल्या तेव्हा ओट्यावर दोन भांडी होती. "डावीकडचं होतं ते नेलं. रोजच्यासारखं," त्या म्हणाल्या. मग ताईचा चेहरा बघून घाबरल्या. "का हो? डावीकडचंच नेलं मी."

डावीकडचंच. पहिली वार तपासून, लिहून ती भांडं डावीकडे सरकवणार, तेवढ्यात मॅडमनी हाक मारली होती, ताई, बाळ. भांडं उजवीकडेच राहिलं. दुसरी वार पडल्यावर ओट्यावर जी जागा मोकळी होती तिथे कुणीतरी भांडं टेकवलं. मोकळी जागा डावीकडे होती. मावशींनी ते उचललं. बाळ रडलं, गुलाबी झालं, शिक्काताई परत आली. उजवीकडे एक भांडं वाट बघत होतं. तिने ते पुन्हा धुतलं, पुन्हा ओंजळीत पसरवलं, पुन्हा तोलून पाहिलं. सत्तावीस वर्षांची नजर पणाला लावून तिने एकच वार दोनदा तपासली होती. शिवणकामवालीची वार कुणीही पाहिली नव्हती.

पुढची पाच मिनिटं तिला नंतर कधीच धड सांगता आली नाहीत. मनात येत होतं, की मॅडमना म्हणावं, मला हिचं पोट बरं वाटत नाही, परत बोलवू या. आपला शब्द चालतो इथे. रजिस्टरची गोष्ट काढायची गरजच नाही. पण तिला हेही ठाऊक होतं की बाळंतिणीची पिशवी ओल्या कागदासारखी असते. आत हत्यार घातलं आणि भिंत फाटली तर वेगळंच संकट. नुसत्या कुणाच्या वाटण्यावर मॅडम ते करणार नाहीत, आणि करूही नये. चार दिवस थांबू या म्हणतील. त्या रिपोर्टाच्या शेवटच्या ओळीवर आपल्याच सहीचा दगड ठेवलेला आहे. तो आपल्यालाच उचलावा लागणार.

ती रजिस्टर घेऊन ओपीडीत शिरली आणि आत बसलेल्या बाईला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. शिक्काताईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि दोन ओळी दाखवल्या.

मॅडमनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. "म्हणजे नोंद खोटी आहे?"

"खोटी नाही मॅडम. एकाच वारेची दोनदा आहे."

"डावीकडे," मॅडम हळूच म्हणाल्या. "ते भांडं मीच ठेवलं होतं."

मॅडमनी फोन तिच्यापुढे सरकवला.

पहिल्यांदा घंटी वाजून वाजून बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा सासूने उचलला आणि दबक्या आवाजात सांगितलं की, सून झोपलीय, आल्यापासून गाढ झोपलीय, बाळही आत्ताच निजलंय, तेव्हा काय असेल ते संध्याकाळी बघू.

"आजी, तिला हाक मारा," शिक्काताई म्हणाली.

"अहो झोपू दे की जरा. बरं वाटतंय म्हणून तर झोपलीय."

"चादर बाजूला करा आणि मला सांगा."

पलीकडे पावलं वाजली. मग सासूचा आवाज आला, पण फोनमध्ये नाही, फोनपासून लांब. ती सुनेला हाक मारत होती, एकदा, दोनदा, आणि तिसरी हाक अर्ध्यातच तुटली.

रुग्णवाहिकेबरोबर शिक्काताई स्वतः गेली. दोन जिने चढून वर, खिडकीपाशी शिलाई मशीन, सुईखाली अर्धी शिवलेली बाही तशीच. पलंगावरची गादी कमरेखाली भिजून काळी पडली होती. बाई शुद्धीवर होती, पण लांबून बघितल्यासारखं बघत होती. नाडी बोटाखाली धाग्यासारखी लागली, एकशे तीसच्या पुढे. शिक्काताईने खाली उतरेपर्यंत तिच्या पोटावरून हात काढला नाही. पिशवी चोळत राहिली, घट्ट हो म्हणत राहिली, कुणाला ते तिचं तिलाच कळत नव्हतं. जिन्यात सासू बाळाला घेऊन मागे येत होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, की मला वाटलं झोपलीय.

ढगवाले सर या वेळी मशीन घेऊन ऑपरेशन थिएटरमध्ये आले. त्यांनी डॉपलरचा वेगाचा पट्टा खाली, अगदी खाली आणला. सकाळी तो मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मापाला लावलेला होता. त्या मापात संथ वाहणारं रक्त उमटतच नाही. डागाच्या मुळाशी, भिंतीला लागून, एक बारीक तांबडी रेघ लुकलुकली. विझली. पुन्हा लुकलुकली.

"हे बघा," सर म्हणाले.

मॅडमनी पडद्यावर नजर ठेवून, हत्याराचं टोक कुठे आहे ते पावलोपावली बघत, तुकडा काढला. तीन सेंटिमीटरला थोडा कमी. एक कड गुळगुळीत, दुसरी फाटकी. त्यांनी तो भांड्यात ठेवला आणि भांडं शिक्काताईच्या हातात दिलं. चार पिशव्या रक्त चढवायला संध्याकाळ झाली. गर्भपिशवीच काढून टाकावी लागते की काय, असं एकदा वाटलं होतं, पण हळूहळू ती आवळली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवणकामवालीला दूध उतरलं. कुणी काही न करता, बाळ शेजारी नुसतं कुरकुरलं आणि तिचा गाऊन भिजला. वारेचा तुकडा आत होता तोवर तिच्या शरीराला बाळंतपण संपल्याचं कळलंच नव्हतं. सासूने डोळ्यांना पदर लावला. शिक्काताई आत आली तशी तिने बाळ उचलून शिक्काताईच्या हातात दिलं. म्हणाली, तुम्ही त्या दिवशी फोन केला नसता तर आज हे पोर पोरकं असतं, याला तुमचा हात लागू दे.

शिक्काताईने बाळ घेतलं. मॅडम तिला म्हणाल्या होत्या की आपण दोघी मिळून सांगू, मी दुपारी येते. पण दुपारपर्यंत हे आभार अंगावर वागवणं तिला शक्य नव्हतं.

पलंगावरून शिवणकामवाली म्हणाली, "ताई, खरं सांगा. माझं काय चुकलं? खाण्यात की मशीनवर लवकर बसले त्यात?"

"तुझं काही चुकलं नाही," शिक्काताई म्हणाली. "माझं चुकलं."

आणि तिने सांगितलं. दोन भांडी, उजवीकडे, डावीकडे, दोन सारख्या ओळी. सावकाश, एकही पायरी न गाळता, जसं ती नव्या मुलींना शिकवताना सांगते तसं. सासूच्या चेहऱ्यावरचा ओलावा सांगता सांगताच आटला. मध्येच कधीतरी ती उठली, शिक्काताईच्या हातातून बाळ काढून घेतलं आणि खिडकीपाशी पाठ करून उभी राहिली.

शिवणकामवाली मात्र लक्ष देऊन ऐकत होती. एकदा तर हसायला आलं तिला, ओटीपोटात कळ आली म्हणून हसू तिथेच थांबलं. "दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्यासारखं," ती म्हणाली.

"तसंच."

"मलाही झालंय. घाईत दोन्ही डाव्या कापायच्या." मग तिने मान वळवली. "पण आमच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ब्लाउज घेऊन भांडायला येतं, म्हणून कळतं तरी. ताई, तुमच्याकडे किती वर्षं आहे ही डावीकडे-उजवीकडेची पद्धत?"

"वीस. जास्तच."

"आणि ज्या इथे परत आल्याच नाहीत, त्या?"

शिक्काताईने तोंड उघडलं. सत्तावीस वर्षांत अशा प्रश्नाला तिच्याकडे तीन शब्दांचं उत्तर तयार असे. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. खिडकीपाशी उभ्या असलेल्या सासूने वळून तिच्याकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर पोटुशा बायकांची रांग लागायला सुरुवात झाली होती, आणि मावशी दारात उभं राहून सांगत होत्या की लेबर रूममध्ये बोलावलंय, एकीची वार पडलीय.